जोत्यातला नळ कशाचा?

पुष्कळ घरांच्या जोत्यातून एखादा नळ बाहेर डोकावत असतो. कधी मागच्या भिंतीला, कधी ओट्याच्या खाली, कधी परड्याच्या बाजूला. त्याला तोटी नसते. त्यातून पाणी येताना कोणी पाहिलेले नसते. घर आजोबांनी बांधले आणि आजोबा गेले. किंवा घर दुसऱ्याकडून विकत घेतले आणि तो माणूस गाव सोडून मुंबईला गेला. नळ मात्र जागच्या जागी राहिला. तो कशाचा, हे सांगणारे आता कोणी नाही.

अशा नळाबद्दल गावात तीन मते हमखास ऐकू येतात. एक जण म्हणतो, "तिथं धन पुरलंय." दुसरा म्हणतो, "सापाचं बीळ हाय ते, जाऊ नका जवळ." तिसरा म्हणतो, "काही नसतं हो. दोन घमेली सिमेंट घाला आणि मोकळे व्हा."

धनाचे आधी मिटवू. ज्याला धन लपवायचे आहे तो माणूस त्याला नळ जोडून नळाचे तोंड बाहेर कशाला ठेवील? धनाच्या आशेने पाया उकरला तर हाती येते ती खचलेली भिंत. शिवाय दहा रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले धन सापडले तर ते कलेक्टरांना कळवावे लागते. १८७८ सालचा तसा कायदाच आहे. सापाचे म्हणणे अगदी खोटे नाही. मोकळ्या नळात साप, विंचू शिरतात, म्हणून त्यात हात घालू नये. पण सापासाठी कोणी नळ बसवत नाही.

खरे नुकसान करतो तो तिसरा माणूस. त्याचा सल्ला सोपा असतो, स्वस्त असतो, म्हणून लगेच पटतो. पण घर बांधताना पैसे खर्चून ज्याने नळ बसवला, त्याने तो काही कारणाने बसवला. ते कारण अजून चालू आहे की संपले, हे कळल्याशिवाय नळ बुजवू नये.

नळ म्हणजे वाट. त्या वाटेने काहीतरी आत येते किंवा बाहेर जाते. घरातल्या नळातून जाणाऱ्या वस्तू चारपाचच आहेत: पिण्याचे पाणी, सांडपाणी, पावसाचे पाणी, हवा किंवा गॅस, आणि विजेची तार. यांतले कोणते, एवढेच आपल्याला शोधायचे आहे. त्यासाठी फार शिक्षण लागत नाही. डोळे, नाक, एक बादली पाणी आणि थोडा धीर एवढे पुरते.

नळ कशाचा बनला आहे?

पहिल्यांदा नळाकडे नीट पाहावे. नळ ज्या वस्तूचा बनला आहे तिच्यावरून त्याचे वय आणि काम यांचा अंदाज येतो.

भाजलेल्या मातीचा, कौलासारखा तांबडा नळ असेल तर त्याला खापरी नळ म्हणतात. तो बहुधा जुन्या कामाचा असतो. आपल्या लोकांना ही विद्या फार पूर्वीपासून येते. सिंधू नदीकाठी मोहेंजोदडो येथे चार हजार वर्षांपूर्वीच्या घरांत भाजलेल्या मातीचे नळ आणि विटांच्या गटारी सापडल्या आहेत. आपल्याकडे मलिक अंबराने खडकी शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. त्या शहराला डोंगराकडून पाणी आणताना खापरी नळ वापरले होते. तिथली पाणचक्की पाहायला आजही लोक जातात. डोंगराकडून नळाने आलेले पाणी उंचावरून पडे आणि त्याच्या जोरावर पिठाचे जाते फिरे. पुण्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तळ्यातून पाणी आणले. त्यासाठी दगडचुन्याचा बंदिस्त पाट बांधला. त्या पाटावर मध्ये मध्ये उभी धुराडी ठेवली होती. त्यांना उच्छ्वास म्हणतात. पाणी बंद वाटेने जाते तेव्हा अडकलेल्या हवेलाही वाट द्यावी लागते, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. हा उच्छ्वास लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

तपकिरी रंगाचा, आतबाहेर बरणीसारखी तुळतुळीत झिलई असलेला नळ सांडपाण्याचा किंवा मैल्याचा असतो. काळा, जड, ठोकला तर घणघण वाजणारा नळ बिडाचा. तोही बहुधा संडासाचा किंवा छपराच्या पाण्याचा. राखाडी, सिमेंटसारखा दिसणारा पण पातळ नळ असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. तो करवतीने कापू नये, फोडूही नये. त्याची धूळ फुफ्फुसाला फार वाईट. लोखंडी जस्ती नळ पिण्याच्या पाण्याचा किंवा विजेच्या अर्थिंगचा असतो. प्लास्टिकचा नळ असेल तर ते काम फार जुने नाही. मग गावात विचारपूस करा. तो बसवणारा गवंडी किंवा प्लंबर अजून सापडेल.

मग रुंदी पाहावी. अर्धा ते एक इंचाचा नळ पिण्याच्या पाण्याचा. दीड इंची जस्ती नळ जमिनीत उभा पुरलेला असेल तर अर्थिंगचा. दोन-तीन इंची नळ मोरीचा, न्हाणीचा किंवा हवेचा. चार इंच आणि त्याहून मोठा असेल तर संडासाचा, पावसाच्या पाण्याचा किंवा गोबरगॅसच्या शेणकाल्याचा. हे अगदी काटेकोर नसते. गवंड्याजवळ जो नळ शिल्लक असेल तो तो घालतो, हेही आपण पाहतो.

नाकाचा उपयोग जरा लांबूनच करावा. नळाला तोंड लावून हुंगू नये. काळा, चिकट थर आणि आंबूस वास असेल तर सांडपाणी. तळाशी नुसता बारीक गाळ असेल, वास नसेल, तर पावसाचे पाणी.

आणि एक गोष्ट कधीही करू नये. आत काय आहे ते पाहण्यासाठी काडी ओढू नये, कंदील किंवा पेटता बोळा नळाजवळ नेऊ नये. कारण पुढे सांगतो. पाहायचे तर बॅटरीने पाहावे.

एका चौसोपी घराची गोष्ट

आमच्या भागातल्या एका घरात काय झाले ते सांगतो, म्हणजे शोध कसा घ्यायचा ते कळेल. घर जुने, चौसोपी. मध्ये चौक. भिंती पांढरीच्या मातीच्या, दोन दोन फूट रुंद. सध्याच्या मालकाने ते घर विकत घेतले. चौकात चिखल होतो म्हणून त्याने सगळ्या चौकाला शहाबादी फरशी घातली आणि पाणी पुढच्या दाराकडे काढून दिले.

दुसऱ्याच पावसाळ्यापासून मागच्या सोप्याच्या भिंतीला ओल येऊ लागली. जमिनीपासून हात-दीड हात भिंत काळी पडे. उन्हाळ्यात तिथे पांढरा लोणा फुटे आणि पोपडे गळत. मालकाने त्यावर सिमेंटचा गिलावा केला. ओल आणखी वर चढली. पुन्हा गिलावा केला. ओल त्याच्याही वर गेली. त्याच भिंतीला लागून त्याच्या म्हाताऱ्या आईचे अंथरूण असे.

मागच्या बाजूला जोत्यातून एक खापरी नळ बाहेर आला होता, सहा इंची. त्यातून एकदा विंचू निघाला. तेव्हा मालकाने ठरवले की आता हा बुजवून टाकायचा. त्यासाठी गावातल्या जुन्या गवंड्याला बोलावले. गवंडी सत्तरीचा. सगळे त्याला तात्या म्हणतात.

मालक म्हणाला, "तात्या, एवढं भोक बुजवून टाका. काही कामाचं नाही ते."

तात्या खाली बसले, नळाकडे बघत राहिले. म्हणाले, "दादा, थांब जरा. हे भोक न्हाई, ही वाट हाय. ह्याचं तोंड बघ."

खापरी नळाचे तुकडे एकात एक बसवलेले असतात. प्रत्येक तुकड्याचे एक टोक रुंद आणि दुसरे अरुंद. पाणी जिकडून येते तिकडे रुंद टोक ठेवतात, म्हणजे सांध्यातून पाणी बाहेर निसटत नाही. बाहेर दिसत होते ते अरुंद टोक होते. म्हणजे पाणी घरातून बाहेर येत होते, बाहेरून आत जात नव्हते. नळाच्या तळाशी बारीक गाळाचे थर होते. घाण वास नव्हता. म्हणजे ते मोरीचे पाणी नव्हे.

मग तात्यांनी ठिबकची काळी नळी मागवली. ती सरळ करून खापरी नळात सारत नेली. बावीस फुटांवर ती अडली. तिथे खूण करून नळी बाहेर काढली आणि तेवढेच अंतर घराच्या आत जमिनीवरून त्याच रेषेत मोजले. बावीस फूट बरोबर चौकाच्या मागच्या कोपऱ्यात आले. तिथली एक फरशी उचलली. खाली भोके पाडलेला काळा दगड निघाला, मातीने गच्च भरलेला.

आता सगळे उलगडले. चारही बाजूंच्या छपरांचे पाणी चौकात पडते. पूर्वी ते त्या दगडातून नळात जाई आणि घराच्या मागे पडे. फरशीने ते तोंड झाकले. पुढच्या दाराकडे उतार पुरेसा नव्हता. त्यामुळे बरेचसे पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली मुरे. ते जाणार कुठे? मातीच्या भिंती ते चहात बुडवलेल्या खारीसारखे वर ओढून घेत होत्या. त्यावर सिमेंटचा गिलावा केल्यामुळे भिंतीला सुकायला वावच राहिला नाही. आतली ओल आतच कोंडली. मातीची भिंत भिजून मऊ झाली की एके दिवशी बसते. झड लागली म्हणजे दर पावसाळ्यात कुठे ना कुठे भिंत पडून माणसे दबल्याची बातमी येते. त्या बातमीत बहुतेक वेळा रात्रीची वेळ असते आणि माणसे झोपेत असतात.

त्यांनी दगड साफ केला, नळ धुऊन काढला. चौकात बादलीभर पाणी ओतले. मागच्या बाजूला ते भडभडून बाहेर पडले. पुढे भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा खरवडून मातीचुन्याचा केला. भिंत पुरती सुकायला दोन उन्हाळे लागले. तोवर आईचे अंथरूण पुढच्या सोप्यात हलवले होते. विंचवासाठी नळाच्या तोंडाला जाळी बसवली. पाणी जाते, विंचू येत नाही. काम एवढेच होते.

बादलीची परीक्षा

पाण्याची परीक्षा तुम्हालाही करता येते. बादलीभर पाण्यात कपड्याची नीळ कालवावी. घरातली मोरी, न्हाणी, चौक, छपराची पन्हळ, एकेका ठिकाणी ते ओतावे आणि एका माणसाने बाहेर नळाजवळ उभे राहावे. निळे पाणी नळातून आले की काम झाले. कधी उलटेही करावे लागते. बाहेरून नळात थोडे पाणी ओतावे आणि ते परत येते का, आत साचते का, की नाहीसे होते ते पाहावे. विजेच्या तारा जात असतील असा संशय असेल तर मात्र ही परीक्षा करू नये.

ओतलेले पाणी नाहीसे होत असेल तर पुन्हा पुन्हा ओतू नये. एक तर नळ शोषखड्ड्याला जातो, नाहीतर पायाखाली फुटला आहे. काळ्या रानातल्या घरांना हे दुसरे फार वाईट. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे शेतकऱ्याला मी काय सांगणार! घराच्या एका कोपऱ्याखाली नळ फुटला तर तेवढाच कोपरा फुगतो आणि बसतो. बाकीचे घर जागेवर राहते. मग भिंतीला तिरपी भेग जाते. पुष्कळ लोक ती भेग दर वर्षी लिंपतात आणि खालच्या फुटक्या नळाकडे बघतही नाहीत.

हवेचा नळ

आता उच्छ्वासाकडे येऊ. जोत्याजवळून निघून भिंतीला लागून वर गेलेला, वरचे तोंड उघडे असलेला नळ दिसला तर तो हवेचा नळ समजावा. जवळच जमिनीत संडासाची सेप्टिक टाकी असणार. टाकीत मैला कुजतो तेव्हा गॅस तयार होतात. त्यांतला एक पेट घेतो. त्याला वास नसतो. दुसऱ्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो आणि तो विषारी आहे. तो फार झाला म्हणजे नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, वास गेला, आता धोका नाही. तिथेच घात होतो. काडी ओढू नका असे वर सांगितले ते यासाठी.

हा नळ कोणी वास येतो म्हणून बुजवला तर गॅस दुसरी वाट शोधतात. संडासाच्या भांड्याखाली वाकडी नळी असते. तिच्यात पाणी साचून राहते आणि तेच पाणी वासाला अडवते. गॅस त्या पाण्यातून बुडबुडे काढीत घरात येऊ लागतात. म्हणून हवेचा नळ छपराच्या वर न्यावा आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. जाळी नसेल तर टाकीत डासांची पैदास होते. ज्या संडासाला दोन शोषखड्डे आहेत त्याला मात्र असा नळ लागत नाही. तिथले गॅस माती शोषून घेते. त्या खड्ड्यांपासून विहीर किंवा हातपंप निदान पन्नास फूट लांब असावा.

नळ तुंबला म्हणून टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. २०१३ च्या कायद्याने त्याला बंदी आहे. कायदा नसता तरी उतरवू नये. एक उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. अशी एकाच टाकीत तीन तीन माणसे गेली आहेत. ग्रामपंचायतीकडून किंवा जवळच्या नगरपालिकेकडून उपशाची गाडी मागवावी.

गोबरगॅसचेही तसेच. पुष्कळ गावांत जुनी गोबरगॅस बंद पडली आणि टाकीवर उकिरडा झाला. स्वयंपाकघराकडे गेलेली नळी मात्र भिंतीत राहून गेली. अशी बंद टाकीही गॅस धरून ठेवू शकते. नळी कापण्यापूर्वी जाणत्या माणसाला बोलवावे आणि त्या वेळी चूल, बिडी सगळे विझवावे.

विजेचा नळ

मीटरच्या जवळ, जमिनीत उभा पुरलेला जस्ती नळ दिसला आणि त्याला तार किंवा पट्टी जोडलेली असली, तर तो अर्थिंगचा. त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ भरलेले असते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, म्हणून त्यात पाणी ओततात. घरातला पंखा, कूलर, पाण्याची मोटर यांच्या पत्र्यात वीज उतरली तर ती या वाटेने जमिनीत जावी, माणसाच्या अंगातून जाऊ नये, यासाठी तो असतो. घराचे काम काढले की हा नळ अंगणात आडवा येतो. मग कोणी तो कापून भंगारात देतो. चार पैसे मिळतात, घरात दिवा पूर्वीसारखा लागतो, कोणाला काही कळत नाही. पुढे ओल्या हाताने कूलरला हात लागतो तेव्हा कळते. या नळाला स्वतः हात लावू नका. परवाना असलेल्या वायरमनकडून तो तपासून घ्या.

कोकणात किंवा उतारावरच्या घरांत जोत्याला ओळीने छोटे नळ दिसतात, बाहेरच्या बाजूला कललेले. ते भरावात साठलेले पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. बाराही महिने कोरडे दिसतात, म्हणून लोक गिलाव्यात ते बुजवून टाकतात. मग मुसळधार पावसात मागच्या पाण्याचा जोर भिंतीवर येतो आणि जोते फुगते. शहराकडच्या नव्या घरांत वाळवीचे औषध सोडण्यासाठीही पायालगत बारीक नळ्या टाकतात. तिथे शिल्लक औषध असू शकते, म्हणून मुलांना लांब ठेवावे. आणि कधी कधी नळ खरोखरच कुठे जात नाही. पुढे केव्हातरी तार किंवा पाणी न्यावे लागेल म्हणून गवंड्याने वीतभर तुकडा पायात ठेवून दिलेला असतो.

सगळी परीक्षा करून नळ खरोखर निकामी ठरला, तर तो दोन्ही तोंडांना बुजवावा. एकच तोंड बुजवले तर आत पाणी साचते, उंदीर घर करतात. पाण्याचा जुना नळ असेल तर मागून तो बंद केला आहे ना, हे आधी पाहावे.

आता शेवटचे काम. नळ कशाचा ते कळले की लिहून ठेवा. आजोबांनी लिहिले नाही, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. तुम्हाला येते. एका कागदावर घराचा चौकोन काढा, दार कुठे ते दाखवा आणि नळावर फुली मारा. तो कागद सातबारा आणि घरपट्टीच्या पावत्यांबरोबर ठेवा. मजकूर साधा असावा. उदाहरणार्थ असा:

"मागच्या दारातून बाहेर पाहताना डाव्या हाताला ७ फुटांवर खापरी नळ आहे. रुंदी ६ इंच. चौकातल्या पावसाचे पाणी यातून जाते. चौकातले तोंड मागच्या कोपऱ्यात, भोकाच्या दगडाखाली. मृगाच्या आधी साफ करावे. बुजवू नये."